कोळशाच्या शेगडीवर ओट्स: खाली करपतात, वर कच्चे राहतात. काय काय तपासायचं?

लक्षणं साधारण अशी असतात. पातेल्याच्या तळाशी तपकिरी थर धरतो आणि त्याच वेळी वरचे ओट्स दाताखाली कच्चट लागतात. किंवा पाच मिनिटं सगळं ठीक चाललेलं असतं, एकदम फेस वर येतो, ऊतू जातं आणि निखाऱ्यांवरून उडालेली राख परत पातेल्यातच बसते. किंवा ओट्स शिजतात, पण कपड्याला घालायच्या खळीसारखे चिकट होतात. पहिल्याच घासाला कालच्या टिक्क्याचा वास येतो, नाहीतर चव कडवट लागते. कधी दूध फाटतं, आणि कधी पाणी उकळायच्या आतच निखारे बसतात.

पवनेच्या, मुळशीच्या, पानशेतच्या काठावर तंबूत राहायला गेलं की रात्रीच्या बार्बेक्यूची शेगडीच सकाळच्या न्याहारीला पेटवली जाते. सोसायटीच्या गच्चीवर किंवा बंगल्याच्या अंगणातही तेच. घोटाळा इथूनच सुरू होतो. टिक्क्याला तेज, कोरडी, थेट आच लागते; ओट्सना मंद आणि सगळीकडून सारखी. फुललेल्या निखाऱ्याचा पृष्ठभाग सहाशे-सातशे अंशांच्या वर असतो, आणि गॅसला असतो तसा नॉब कोळशाला नसतो. त्यामुळे दहातल्या आठ वेळा चूक ओट्सची नसते, आचेची असते. तरी तपासणी फुकटच्या गोष्टींपासून सुरू करावी, कारण उरलेल्या दोन वेळा उत्तर पाकिटावरच छापलेलं असतं.

पाकीट आणि माप

पाकिटावर नेमकं काय लिहिलंय ते आधी बघा. रोल्ड ओट्स म्हणजे वाफवून चपटे केलेले, आपल्या जाड पोह्यांसारखे. पाणी उकळल्यावर त्यांना पाच ते सात मिनिटं पुरतात. इन्स्टंट किंवा क्विक ओट्स त्याहून पातळ आणि बारीक. दोन-तीन मिनिटांत होतात आणि त्यापुढे खळ होते. स्टील कट म्हणजे न चपटवता नुसते तुकडे केलेले, दिसायला दलियासारखे. त्यांना पंचवीस-तीस मिनिटं लागतात. रोल्डचं माप आणि वेळ धरून स्टील कट शिजवायला घेतले तर पाणी आटतं, बूड करपतं आणि दाणा कच्चाच राहतो. कोळशावर स्टील कट करायचेच असतील तर रात्री पाण्यात भिजत घाला; सकाळी निम्म्याहून कमी वेळात होतात.

कडवटपणाचा शोधही इथेच घ्या. चिमूटभर कोरडे ओट्स नुसते चावून बघा. ओट्समध्ये स्निग्धांश गव्हापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे उघडं पाकीट उन्हाळाभर राहिलं की ते खवट होतात. कोरडेच कडवट लागले तर धुराला दोष देऊ नका, पाकीट टाकून द्या.

चार माणसांसाठी १६० ग्रॅम रोल्ड ओट्स, ७५० मिली पाणी, ३०० मिली दूध आणि अर्धा छोटा चमचा मीठ. उघड्यावर वाऱ्याने गॅसपेक्षा जास्त पाणी उडतं, म्हणून शेजारी आणखी १५० ते २०० मिली गरम पाणी तयार ठेवा. गार पाणी मध्येच ओतलं की उकळी बसते. मग निखारे वर ढकलले जातात, आणि करपायला तेवढं निमित्त पुरतं. पातेलं तीन ते चार लिटरचं घ्या, निम्म्याच्या वर भरू नका. ओट्समधला स्टार्च आणि बीटा-ग्लुकन नावाचा तंतू पाणी दाट करतात. दाट पाण्यातले बुडबुडे फुटत नाहीत, एकावर एक चढतात. ऊतू जातं ते यामुळे. अर्धा चमचा तूप सोडलं की फेस बसतो, आणि चवीलाही ते चांगलंच.

उंचीची शंका पुष्कळांना येते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, ते ९५-९६ वर येतं. म्हणजे दोन-तीन मिनिटं जास्त, इतकंच. ओट्स कच्चे राहण्याचं कारण तिथे शोधू नका.

निखारे तयार आहेत का?

सगळ्यात जास्त बिघाड इथे सापडतो, म्हणून ही तपासणी घाईने उरकू नका.

कोळसा पेटला आणि कोळसा तयार झाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्वाळा दिसताहेत, कडा काळ्या आहेत, तर अजून वेळ आहे. सगळ्या तुकड्यांवर राखाडी-पांढरा थर धरला आणि फटींतून नारिंगी दिसायला लागलं की समजा, झालं. याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आधी पातेलं चढवलं तर दोन त्रास होतात. अर्धवट पेटलेल्या कोळशाचा धूर ओट्सना लागतो, आणि आच खाली यायच्या ऐवजी शिजताना वाढत जाते. ओट्स दाट होतात नेमक्या त्याच वेळी विस्तव जोरात येतो.

मग हाताची परीक्षा. जाळीच्या दहा-बारा सेंटिमीटर वर तळहात धरा आणि सहन होत नाही तोवर सेकंद मोजा. दोन-तीन सेकंदांत हात काढावा लागला तर ती टिक्क्याची आच. चार-पाच सेकंद टिकला तर पाणी उकळायला चांगली. सात-आठ सेकंद टिकला तर तिथे ओट्स शिजवा. ओट्ससाठी शेवटच्या दोन्ही आचा लागतात, आणि त्या एकाच शेगडीत मिळवता येतात.

सगळे निखारे चिमट्याने एका बाजूला ओढा: दोन-तृतीयांश जागेत दोन थर, उरलेल्या तृतीयांशात तुरळक चार-पाच तुकडे. पाणी मोठ्या बाजूवर उकळा. उकळी आली की ओट्स घाला, एकदा ढवळा आणि पातेलं लगेच तुरळक बाजूवर सरकवा. एवढ्या एका सवयीने निम्म्या तक्रारी मिटतात. चार माणसांच्या ओट्सना पाऊण ते एक किलो लाकडी कोळसा पुरेसा आहे. रात्रीच्या सवयीने दोन किलो ओतला जातो आणि मग आच आवरत नाही.

खालच्या झडपा असतील तर उकळी आल्यावर अर्ध्या बंद करा. हवा कमी, आच कमी. घडीच्या पत्र्याच्या शेगड्यांना नुसती भोकं असतात, झडप नसते. तिथे वारा ज्या बाजूने येतोय ती बाजू सपाट पत्र्याने किंवा कोरड्या विटांनी अडवा, पण शेगडीपासून हातभर लांब. चिकटून लावलं तर विस्तव घुसमटतो. धरणाच्या पाण्यातले दगड आडोशाला किंवा शेगडीखाली लावू नका. त्यांच्या फटींत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून कपरी उडते.

मध्ये तवा ठेवा

निखारे बाजूला ओढूनही बुडाला लागत असेल तर जाळीवर भाकरीचा लोखंडी तवा ठेवा आणि त्यावर पातेलं. निखाऱ्यांची आच ठिपक्याठिपक्यांनी लागते: एका तुकड्याच्या बरोबर वर पातेलं तापून निघतं, दोन बोटं बाजूला ते कोमट असतं. जाड लोखंड ती आच आधी स्वतःत घेतं आणि पसरवून वर देतं. उकळी यायला चार-पाच मिनिटं जास्त लागतात, म्हणून पाणी आधी तव्याशिवाय उकळून घ्या आणि ओट्स घातल्यावर तवा मध्ये सरकवा. नॉनस्टिक तवा इथे अजिबात नको. कोरडा, थेट निखाऱ्यावर तापला की त्याचा थर जळतो आणि त्याची वाफ घातक असते.

तवा नसेल तर जाळीवर विटेचे दोन कोरडे तुकडे ठेवून पातेलं उंच करा. सहा-सात सेंटिमीटरचं अंतर वाढलं तरी फरक लगेच कळतो.

ढवळणं

कमी ढवळलं तर करपतात, सारखं ढवळलं तर चिकट होतात. दोन्ही खरं आहे. ओट्सची पाकळी मोडली की आतला स्टार्च पाण्यात उतरतो, त्याचीच खळ होते. म्हणून गोल गोल घोटू नका. गोल पळीऐवजी सपाट टोकाचं लाकडी उलथणं घ्या आणि दर पाऊण मिनिटाला तळावरून एकदा इकडून, एकदा तिकडून सरकवा. बस.

उलथण्याच्या टोकाकडे लक्ष ठेवा. तळ स्वच्छ असेल तर ते गुळगुळीत सरकतं. लागायला सुरुवात झाली की एका जागी किंचित अडखळतं, ओल्या कापडावरून सरकवल्यासारखं ओढ धरतं. वास यायच्या अर्धा-एक मिनिट आधी हे हाताला कळतं. त्या क्षणी पातेलं उचलून खाली ठेवा आणि झाकण घाला. अडखळलेली जागा खरवडू नका. खरवडली की करपलेला थर सगळीकडे मिसळतो आणि मग काही केल्या तो वास जात नाही. वास आलाच असेल तर खीर लागल्यावर करतात तेच करा: वरचे ओट्स न ढवळता दुसऱ्या भांड्यात ओता, तळचे तिथेच राहू द्या.

आणि ओट्स विस्तवावर पूर्ण शिजवूच नका. चार-पाच मिनिटांनी, अजून थोडे पातळ असतानाच उतरवा, झाकण घाला, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून सात-आठ मिनिटं ठेवा. आतल्या उष्णतेवर ते सावकाश फुलतात, आणि तिथे करपायला खाली निखारे नसतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातली सकाळ दहा अंशांच्या आसपास असते, त्यामुळे टॉवेल वगळू नका. उघडं पातेलं पाच मिनिटांत निवतं. आमच्या मते सगळ्या युक्त्यांमध्ये ही सर्वांत भरवशाची आहे.

दूध आणि गूळ

दूध सुरुवातीपासून घातलं तर त्यातली प्रथिनं आणि साखर तळाशी बसतात आणि ओट्सच्या आधी तीच करपतात. ओट्स पाण्यात शिजवा. गरम दूध उतरवायच्या आधी शेवटच्या मिनिटाला घाला. दूध फाटत असेल तर बहुतेक वेळा गुळामुळे. रटरटत्या दुधात गूळ पडला की त्यातल्या आम्लांनी दूध फाटतं. पातेलं उतरवून, वाफ जरा बसल्यावर किसलेला गूळ घाला, किंवा ज्याच्या त्याच्या वाटीत द्या. आंबट फळांचंही तेच. लोखंडी किंवा बिडाच्या भांड्यात आंबट शिजवू नका, काळं पडतं आणि लोखंडाची चव उतरते.

वास कुठून येतो?

रात्रीची जाळी सकाळी तशीच वापरली तर तिच्यावरचा मसाला, दही, तेल पुन्हा जळतं आणि त्याचा धूर ओट्स शोषून घेतात. जाळी रिकामी दहा मिनिटं तापवा, मग अर्धा कांदा काट्यात खोचून घासा. तारेचा ब्रश वापरलात तर नंतर ओल्या फडक्याने पुसा. तुटलेली तार अन्नात जाऊ शकते. तळाची जुनी राखही काढा. तिच्यात ठिबकलेली चरबी असते, शिवाय ती हवेची भोकं बुजवते. निखारे अर्ध्यात बसण्याचं हे सगळ्यात साधं कारण.

जाळी स्वच्छ करूनही धूर येत असेल तर कोळसा तपासा. चांगला लाकडी कोळसा हलका असतो, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणटण वाजतो. तुकडा मोडून बघा. आत तपकिरी गाभा दिसला तर लाकूड पुरतं जळालेलं नाही, ते धूर देणारच. जड आणि ठस्स वाजणारा कोळसा ओला असतो. पावसाळ्यात उघड्या पोत्यातला कोळसा हवेतली ओल ओढतो, पेटवल्यावर तडतडतो, ठिणग्या उडवतो. दोन दिवस ऊन द्या आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. दगडी कोळसा शेगडीत घालू नका, त्यातल्या गंधकाचा वास अन्नाला लागतो. मध्येच कोळसा वाढवायचा झाला तर कच्चा टाकू नका. बाजूला पेटवून, राख धरल्यावर चिमट्याने घाला.

पेटवायला नारळाच्या करवंट्या आणि कापराच्या तीन-चार वड्या पुरतात. रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर नको. पहिल्या दोघांचा वास ओट्समध्ये उतरतो. सॅनिटायझरची ज्वाळा दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. विझलंय असं समजून माणूस पुन्हा ओततो आणि आग बाटलीपर्यंत येते.

आता पैसे लागणाऱ्या गोष्टी

इथवर सगळं नीट केलं आणि तरी दर वेळी एकाच जागी करपतं, तर पातेलं बघा. सपाट फरशीवर ठेवून कडेला बोटाने दाबा. डुगडुगलं तर बूड फुगलेलं आहे. किंवा आत दोन चमचे पाणी घाला; ते सगळीकडे न पसरता मधेच गोळा झालं तरी तेच. मधला फुगवटा आचेच्या जवळ येतो. ठोकून सपाट केलेलं बूड पुढच्या विस्तवावर पुन्हा फुगतं, त्यात पैसे घालू नका. पातळ ॲल्युमिनियमच्या पातेल्याचंही तेच, ते ठिपक्याठिपक्यांनी तापतं. तीन थरांच्या स्टीलचं जाड पातेलं घ्या. तुळशीबागेत, रविवार पेठेतल्या बोहरी आळीत भांडं हातात घेऊन, वजन बघून घेता येतं. फोटोवरून जाडी कळत नाही. कान धातूचेच हवेत, बॅकेलाइटचे निखाऱ्यावर जळतात. बाहेरून काजळी धरू नये म्हणून मातीचा पातळ लेप द्या, धुताना सुखाचं जातं.

इथे थांबा

वारा आहे, पाऊस आला, म्हणून शेगडी तंबूत, बंद गॅलरीत किंवा गाडीच्या डिकीखाली सरकवू नका. विझत आलेले निखारेही नाहीत. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, झापड येणं सुरू झालं तर ओट्स सोडा, सगळ्यांना उघड्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवाच.

राखीव जंगलात आणि गडांच्या वनहद्दीत शेगडी पेटवू नका. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आपल्या टेकड्यांवरचं गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं, एक ठिणगी पुरते. गवताने पेट घेतला आणि बादलीभर पाण्यात आवरला नाही, तर स्वतः झटापट न करता १०१ ला कळवा. निखारे पाण्याने पूर्ण भिजवून, काठीने उलथून, पुन्हा भिजवा. वरून गार दिसणाऱ्या राखेत आत दुसऱ्या दिवसापर्यंत विस्तव राहतो.

पितळी पातेल्याची कल्हई गेली असेल, आत पिवळं दिसत असेल, तर त्यात दूध घालू नका. कल्हईवाल्याकडे द्या, नाहीतर कसब्यातल्या तांबट आळीत चौकशी करा. कल्हई असलेलं भांडंही निखाऱ्यावर कोरडं ठेवायचं नाही. कथील २३२ अंशांना वितळतं, निखाऱ्यावर ते क्षणात गाठलं जातं.

शेगडीचा तळ गंजून भोक पडलं असेल, पाय हलत असतील, तर घरी तारेने बांधून उकळतं पातेलं त्यावर ठेवू नका. फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीचा साधा लोखंडी पत्रा वेल्ड करून घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा नको हे आधीच सांगा. तो तापला की जस्ताचा धूर निघतो. नव्या पत्र्याला तेल आणि रंग असतो, म्हणून पहिला विस्तव तासभर नुसताच जळू द्या आणि ती राख फेकून द्या. ओट्स दुसऱ्या विस्तवावर.